नावाचं भांडं घरी येतं

अक्का, तुमच्या तेरवीच्या पंगतीत बसलेल्या एकूण एक बाईने आधी तांब्या उचलून त्याच्या गळ्यावरचं नाव वाचलं आणि मगच पाणी ओतून घेतलं. कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं तुम्हाला तसं करताना पाहून सगळ्या नात्याला तो रोग लागलाय. पालमच्या वन्संनी तर तांब्या पार उलटा करून बूड पाहिलं, आणि आत पाणी आहे हे त्यांना उशिरा आठवलं. पंगतीच्या त्या टोकाला हसू फुटलं. मग आपण कुठे जेवायला बसलोय ते सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि सगळ्याजणी एकदम पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. खरं सांगू का, तुमच्यासाठी मनापासून रडणं तेव्हा सुरू झालं. त्याआधीचं नुसतं रीतीचं चाललं होतं.

मी जिंतूरच्या या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा तुमचा महेश चालायला लागला होता. आल्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं, ही तुझी थोरली जाऊ, हिला अक्का म्हणायचं, आणि हिच्या पुढं बोलायचं नाही. अक्का म्हणायचं मी पाळलं. दुसरं तुम्हीच पाळू दिलं नाही, कारण समोरचा भांडला नाही तर तुम्हाला जेवण जात नसे.

आपलं पहिलं मोठं भांडण माझ्या कपावरून झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. माहेराहून मी जे काही आणलं त्यात तो एक पितळी कप होता, शाळेत खो-खोला मिळालेला. वर शाळेचं बोधचिन्ह कोरलेलं: मधोमध समई, खाली उघडं पुस्तक आणि दोन्हीकडून ज्वारीची कणसं. खाली अक्षरं होती, कु. मंगल. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नाव सुनीता असं लिहिलं गेलं आणि मंगल त्या कपापुरती उरली. सासूबाई त्या कपाने भाताचे तांदूळ मोजत. त्याचा एक कान तुटलेला होता. तो मी आणि माझ्या संघातल्या मुलींनी बक्षीस मिळाल्या दिवशीच ओढाओढीत तोडला होता.

एक दिवस मी माहेराहून परत आले तर चुलीशेजारी नवं कोरं स्टीलचं पातेलं, आणि तांदळाच्या डब्यात माप म्हणून एक चहाचा पेला. तुम्ही फुटकी भांडी मोडीत घातली होती. त्यात माझा कप गेला.

"कान तुटकं भांडं घरात ठिवू न्हाई," तुम्ही म्हणालात.

"त्यावर माझं नाव होतं."

"तुझं कुठं? तुझं नाव सुनीता. त्याच्यावर कुन्या मंगलचं व्हतं."

मी मागच्या दाराला जाऊन बसले. तुम्ही भांडणाची वाट पाहत उभ्या राहिलात, आणि भांडण आलंच नाही म्हणून घाबरलात. दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही भांड्यांच्या दुकानात गेलात. तिथली मोड पोत्यात भरून परभणीला गेली होती. तुम्ही कुणाला न सांगता एसटीत बसलात आणि परभणीला गेलात. दिवस मावळताना परत आलात, तेव्हा घरात हाहाकार. स्वयंपाक नाही, महेश रडतोय, भाऊजी बायकोला शोधत स्टँडवर दोनदा जाऊन आलेले. तुम्ही कुणाकडेही न बघता थेट माझ्यापाशी आलात आणि पदराखालून एक पितळी ढाल काढली, हातभर पण नाही, वर कुठल्याशा शाळेचं कमळ आणि खाली अक्षरं: कु. शैलजा, वक्तृत्व, द्वितीय.

"तुझा न्हाई घावला," तुम्ही म्हणालात. "ही घावली. हिला बी कुनीतरी मोडीत घातलंय."

मी ती ढाल हातात घेतली आणि मला आधी हसू आलं, मग रडू आलं. तुम्हाला वाटलं मी माफ केलं. केलं नव्हतं, पण त्या रात्रीपासून आपण दोघीच असलो की तुम्ही मला मंगल म्हणायला लागलात. कप तुम्ही घालवलात, नाव मात्र उचलून आणलंत. पुढे सुनीता हाक फक्त चार माणसांत किंवा तुम्ही चिडलात तरच.

तुमच्या संग्रहाची सुरुवात ही अशी आहे, आणि ती या घरात मला सोडून कुणाला ठाऊक नाही. लोकांना वाटतं, शकुंतलाबाईंना जुन्या वस्तूंची आवड होती. आवड कसली, तुम्ही माझा कप शोधायला निघालात आणि वाटेत जे जे कुणाचं तरी भेटलं ते घरी आणत गेलात.

आणलं तरी किती. सोनपेठच्या बाजारातून, मोडीच्या पोत्यांतून, लोकांच्या माळ्यांवरून. 'चि. सौ. कां. वत्सला हिस मामाकडून' लिहिलेलं घंगाळ. 'गणपती मंडळ' लिहिलेला जर्मनचा टोप. तो मंडळाने अजून शोधणं सोडलेलं नसेल. पट्टीच्या पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात कुण्या फौजदाराचं नाव आणि त्याच्या बदलीची सगळी गावं, एकाखाली एक, आधीचं खोडून पुढचं. भाऊजी म्हणायचे, "हे घर हाय का भांड्याचं दुकान?" तुम्ही म्हणायच्या, "दुकानात नवं मिळतंय."

तुमचा एक कायदा होता. फुकट घ्यायचं नाही आणि चोरायचं तर नाहीच. जुनं पितळेचं घ्यायचं तर त्याच्या बदल्यात नवं स्टीलचं द्यायचं. गल्लीतल्या बायकांना हे कळल्यावर त्यांनी काय केलं ते तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या मोडीच्या दुकानातून नावाची भांडी आणायच्या आणि आमच्या आजेसासूचं आहे म्हणून तुमच्या गळ्यात मारायच्या. निम्म्या गल्लीच्या आजेसासूचं नाव सरस्वती कसं, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, चांगलं नाव होतं, लोक ठेवायचे.

दुसरा कायदा तुम्ही नव्या सुनांना पाठ करायला लावायच्या. नावाचं भांडं घरी येतं, बिननावाचं जिथं जाईल तिथलं होतं. आणि कुणाचं भांडं परत करायचं तर रिकामं द्यायचं नाही, चिमूटभर साखर का होईना, घालून द्यायची. हे काही तुम्ही शोधून काढलं नव्हतं, सगळ्या मुलखाची रीत आहे. पण तुम्ही ती असं सांगायच्या की जणू तुम्हीच तहसीलमधून मंजूर करून आणलीय.

तो निजामाच्या काळातला पेला आठवतो का? पितळेचा, उभा, सगळ्या अंगावर उर्दू अक्षरं. तुम्ही म्हणालात, नवाबाचा आहे, अक्षर बघ कसं पळतंय. तुम्ही तो चिंचेने घासून देवघराच्या बाजूला ठेवलात आणि महेशचे होणारे सासरे पहिल्यांदा घरी आले तेव्हा पाणी त्यातच दिलंत. "नवाबी पेला हाय," असं सांगून दिलंत. व्याही दोन घोट घेऊन तो फिरवून फिरवून बघत बसले. मग एकदा समोरच्या नसीमबी पीठ मागायला आल्या आणि तुम्ही मोठ्या कौतुकाने तो त्यांच्यापुढे धरलात. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि उंबऱ्यातच खाली बसल्या.

"इसपो लिख्या है," हसू आवरत त्या म्हणाल्या, "ये गिलास हॉटेल से चुराया हुआ है."

मला वाटलं आता पेला अंगणात जातो. तुम्ही तो पदराने पुसलात आणि जागेवर ठेवलात. "मंजे चोर बी जुना हाय," म्हणालात. पुढे कळलं, व्याही निजामाच्या वेळच्या शाळेत उर्दू शिकलेल्या बापाचे लेक, त्यांना अक्षर लागत होतं. सोयरीक मोडू नये म्हणून ते इतकी वर्षं बोलले नाहीत. तुमच्या तेरवीला त्यांनी त्याच पेल्यात पाणी मागून घेतलं.

आणि तो पट्टा. कुठल्या शाळेचा होता कुणास ठाऊक, खाकी, पितळी बक्कल, बक्कलावर मशाल आणि अक्षरं झिजलेली. तुम्ही तो लुगड्यावरून कमरेला बांधलात, कंबर धरते म्हणून, आणि तसाच बांधून आठवडाभर दळणकांडण केलंत. भाऊजी दारातून आत आले, बघून थांबले आणि म्हणाले, "शाळा सुटली का?"

"भरलीच कवा व्हती," तुम्ही म्हणालात आणि पीठ चाळायला लागलात.

हसण्यावारी गेलं ते. पण मला तुमचं चौथीतच सुटलेलं दप्तर माहीत होतं. जून लागला की गल्लीतली सगळी पोरं नवे शर्ट घेऊन तुमच्याकडे यायची, खिशावर शाळेचा मोनोग्राम शिवून घ्यायला. तुम्ही टाका असा घालायच्या की शर्ट फाटेल पण मोनोग्राम निघणार नाही. वर्ष सरलं की त्याच शर्टांची घरोघरी फरशी पुसायची फडकी व्हायची. ती व्हायच्या आत तुम्ही जाऊन मोनोग्राम उसवून आणायच्या, स्वतःच घातलेल्या टाक्यांना शिव्या देत. त्या सगळ्यांची तुम्ही वाकळ शिवलीत. थंडीत सगळ्या तालुक्याच्या शाळा अंगावर घेऊन झोपायच्या, आणि म्हणायच्या, झोप लागत नाही, सगळ्या गुरुजींची भीती वाटते.

त्या वाकळेचे टाके घालतानाच तुम्ही मला सांगितलंत. दुपार होती, मी सुईत दोरा ओवून देत होते. मी म्हणाले, "अक्का, हजार नावं गोळा केलीत, तुमचं कुठंय?"

"माझं कशावर बी न्हाई," तुम्ही म्हणालात. "आमच्या बापानं संसाराचे भांडे दिले, त्याच्यावर जावयाचं नाव टाकलं. म्हणला, पोरीचं नाव तिकडं बदलणारच हाय, मग कशाला टाकायचं."

"आणि आधीचं नाव काय होतं?"

तुम्ही दाराकडे पाहिलंत, जणू काही चोरीचा माल दाखवायचाय. "चंद्रकला," म्हणालात. मग लगेच, "ए, म्हनू नगंस हां. थोरल्या जावंला नावानं हाक मारतेत का कुठं?"

मी कधीच म्हटलं नाही. तुम्ही मला रोज मंगल म्हणायच्या आणि मी तुम्हाला अक्का. हा हिशोब काही बरोबरीचा नव्हता, पण रीत ती रीत.

तिथून आपलं दुसरं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, एखाद्या भांड्यावर नाव टाकून घ्या, स्टँडच्या रस्त्यावर मशीनवाला बसतो, पाच मिनिटांचं काम. तुमचा नकार ठरलेला. मशीनचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखं. खरं अक्षर हातोडी आणि छिन्नीचं, ठिपक्याला ठिपका लावून काढलेलं, बोटाला लागतं ते. आणि दुसरं म्हणजे, "आपलं नाव आपुन टाकून घ्यायचं असतंय का? ते दुसऱ्यानं टाकायचं असतंय."

मग नाव टाकणारी ती दुसरी मीच झाले. तुमचा रोजचा कडीचा डबा पदराखाली घेऊन मी बाजारात गेले. तुम्हाला वास लागलाच. मी मशीनवाल्याशी बोलून भाजी घ्यायला वळले, आणि परत आले तेव्हा डबा तयार होता. घरी येऊन पाहिलं तर त्यावर 'मंगल'. तुम्ही माझ्या मागोमाग येऊन त्याला सांगून गेला होतात की आधीच्या बाईने नाव चुकीचं सांगितलं. मी तुमच्यावर दोन दिवस चिडले होते आणि तो डबा आजही मी कुणाला हात लावू देत नाही.

परभणीच्या दवाखान्यात तुमचे शेवटचे दिवस गेले, तिथंही तुम्ही स्वस्थ बसला नाहीत. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि नजर त्या स्टीलच्या ट्रेवर. त्यावर हाताने ठोकून लिहिलं होतं, 'स्त्री कक्ष, बाहेर नेऊ नये'.

"मंगल," तुम्ही हळूच म्हणालात, "बघ की, ठिपक्याचं हाय. जुनं काम हाय. पिशवीत टाक."

"अक्का, त्यावर काय लिहिलंय ते तरी वाचा."

"वाचलंय की. म्हनून तर पायजे."

"तुमच्या कायद्यात चोरी बसत नाही."

"चोरी कशी? एक नवा ट्रे दिऊ की आनून. महेशला सांग."

मी नाही म्हणाले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेलात. शेवटचं बोलणं भांडणाचंच झालं. पुष्कळांनी मला विचारलं, शेवटी काय म्हणाल्या अक्का? मी सांगते, शांत होत्या. ट्रे मागत होत्या असं कसं सांगू? आणि अजूनही मी तो पिशवीत टाकला नसता, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तो तिथल्या बायकांचा आहे.

आता तेरवीचं सांगते, कारण तुम्हाला जाब द्यायला मीच उरलेय.

तेरवीला घरोघर भांडं द्यायची आपली रीत. महेशने मोबाइलवर मजकूर तयार करून आणला: कै. सौ. शकुंतलाबाई यांच्या स्मरणार्थ. खाली भाऊजींचं नाव, खाली महेशचं, सुनेचं, नातवाचं. एवढ्या छोट्या डब्यावर एवढी माणसं बसवायची तर तुमच्या वाट्याला झाकणाची कड आली असती. आणि 'कै.' लिहिलेल्या भांड्याबद्दल तुमचं मत मला माहीत होतं. हजारांत एकही तसलं तुम्ही घरात घेतलं नव्हतं. त्यात दूध नासतं, म्हणायच्या.

मी म्हणाले, "फक्त चंद्रकला टाका."

घरात असं काही झालं की जणू मी दुसऱ्याच बाईचं तेरावं घालायला निघालेय. महेश म्हणाला, "काकू, ही कोन?" स्वतःच्या आईचं नाव, अक्का, आणि पोराला माहीत नाही. आमचे हे म्हणाले, "लोकांना काय कळंल? रीत सोडून कशाला काई करायलीस?" सूनबाई म्हणाली की मजकुरात आधीचं नाव कंसात टाकता येईल. तुम्हाला कंसात. मी आयुष्यात पहिल्यांदा या घरात तुम्ही सोडून इतर थोरल्यांपुढे आवाज चढवला. म्हटलं, या बाईने सगळ्या जिल्ह्याची नावं मोडीतून उचलून आणली, हिचं स्वतःचं एका भांड्यावर येऊ द्या, तेही दुसऱ्या कुणाचं शेपूट न लावता.

मग सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. मला खात्री होती की ते नाहीच म्हणणार. ताटातल्या तांदळात शकुंतला त्यांनीच लिहिलं होतं ना. ते बराच वेळ तुमच्या मांडणीकडे बघत बसले, शैलजाच्या ढालीकडे, नवाबाच्या पेल्याकडे.

"चंद्रकला," ते म्हणाले. "टाका. पन हातानं टाकलेलं पायजे. मशीनचं तिला आवडत न्हाई."

ऐकलंत का, अक्का? ज्या माणसाला तुम्ही जन्मभर म्हणालात की याला घमेलं आणि घंगाळ यातला फरक कळत नाही, त्याला तुमची छिन्नी आणि मशीन माहीत होतं. हे मी तुम्हाला लगेच आत येऊन सांगणार होते, पण तुम्ही कुठे.

हाताने नाव टाकणारा महेशने परभणीत शोधून काढला. त्याने डबे केले, पण प्रत्येक चंद्रकला वेगळी. कुठे च मोठा, कुठे ल खाली घसरलेला, एका डब्यावर तर ती झाकणापर्यंत चढत गेलीय. तुम्ही असता तर एकेक डबा उन्हाला धरून बघितला असता आणि तो चढतीचा डबा आपल्याला ठेवून घेतला असता. तो मी ठेवून घेतलाय.

तेरवी झाली, डबे वाटले, पाहुणे पांगले. आणि मग चूक ध्यानात आली.

डब्यावर कै. नाही, स्मरणार्थ नाही, घराण्याचं नाव नाही. नुसतं चंद्रकला. तुमच्याच तालमीत तयार झालेली माणसं ती. घरी गेल्यावर पिशवी उघडली, नाव वाचलं, आणि प्रत्येकाला वाटलं की गर्दीत कुणाचं तरी भांडं आपल्याकडे आलं. दुसऱ्याचं नावाचं भांडं कोण ठेवून घेईल? तिसऱ्या गल्लीतल्या काकू सगळ्यात आधी आल्या, डब्यात गूळ-शेंगदाणे घालून. मग पालमच्या वन्संचा फोन. मग भाऊजींच्या जुन्या मित्राची बायको, डब्यात साबुदाण्याच्या पापड्या. मी आधी समजावून सांगत होते, की अहो, हे तुमचंच आहे, हे आमच्या अक्कांचं माहेरचं नाव. ऐकून बायका डोळ्याला पदर लावायच्या, डबा घेऊन जायच्या आणि पापड्या तेवढ्या ठेवून जायच्या. भाऊजी ओट्यावर बसून म्हणाले, "वाटलेली भांडी परत यायलीत. असं कुठं ऐकलंय का?" पण प्रत्येक वेळी कडी वाजली की ते माझ्या आधी उठून दार उघडत होते. दार उघडलं की बाहेरून एकच प्रश्न, या चंद्रकलाबाई कोण हो.

मग सोनपेठच्या आत्याबाईंचा फोन आला. सासऱ्यांची बहीण, ऐकू कमी येतं, म्हणून त्या बोलतात आणि आपण ऐकायचं.

"सुनीता, कुन्या चंद्रकलाचा डबा आमच्या पिशवीत आलाय. मी दुसऱ्याचं भांडं ठिवत न्हाई. कंडक्टरकडं दिलाय, स्टँडवरून घे. आन आमचं तेरवीचं भांडं मातर मला मिळालं न्हाई, बरं का. लक्षात हाय माज्या."

फोन बंद. मी सांगणार तरी कसं?

सोनपेठहून परभणी आणि परभणीहून जिंतूर, दोन कंडक्टरांच्या हातून डबा आला. मी स्टँडवर उभी होते. गाडी लागली, माणसं उतरली, आणि शेवटी कंडक्टर फडक्यात बांधलेला डबा घेऊन दारात उभा राहिला. फडक्याच्या गाठीतून नाव दिसत होतं. त्याने ते वाचून आवाज दिला.

"चंद्रकलाबाई कोन हाय? चंद्रकलाबाई?"

भर स्टँडवर, अक्का. पानपट्टीवाल्याने मान वर केली, उसाचा रस पिणाऱ्या दोघी बायांनी वळून पाहिलं. तुमचं नाव एवढ्या मोठ्याने या गावात कुणी कधी घेतलं नव्हतं. मी पुढे झाले.

"तुमीच का चंद्रकलाबाई?"

"नाही," मी म्हणाले. "मी त्यांची धाकटी जाऊ."

"मग द्या त्यान्ला. आन सांगा, आत्याबाईनं कारळाची चटणी घातलीया, तेल वर हाय. डबा सरळ धरा म्हनावं."

मी हो म्हणाले. स्टँडपासून घरापर्यंत वाटेत दोघी-तिघी ओळखीच्या भेटल्या, बोलायला थांबल्या, मी थांबले नाही. दोन्ही हातांत धरून आणला, मांडणीवर शैलजाच्या शेजारी ठेवला, आणि भाऊजींना जेवायला हाक मारली. भाकरीवर चटणी घेऊन आम्ही दोघं जेवलो. मीठ जरा जास्त झालं होतं. तेल मात्र एक थेंब सांडू दिलं नाही मी, चंद्रकला.